होडीतून दिसलेला देवमासा

एल्हानन बिकनेल हा लंडनचा तेलाचा व्यापारी. दक्षिणेकडच्या समुद्रांतून येणाऱ्या स्पर्म व्हेलच्या तेलावर त्यानं गडगंज पैसा केला आणि त्यातला बराचसा चित्रांत घातला. टर्नर हा त्याचा आवडता चित्रकार. १८४५ साली रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात टर्नरनं देवमाशाच्या शिकारीची दोन चित्रं लावली, आणि त्यातलं एक बिकनेलच्या घरी पोहोचलं. चित्र जवळून न्याहाळताना बिकनेलला संशय आला, की या तैलचित्रात मधेमधे जलरंगाचे हात मारलेले आहेत. त्यानं रुमाल काढून चित्र घासून पाहिलं. रंग निघाला! तो तडक टर्नरकडे गेला. टर्नरनं आधी डोळे वटारले, काही करायला साफ नकार दिला आणि शेवटी कसंबसं दुरुस्तीसाठी चित्र परत घेतलं. समीक्षक जॉन रस्किनच्या वडिलांनी मुलाला लिहिलेल्या पत्रामुळे ही हकिगत आपल्यापर्यंत आली आहे. ते चित्र बहुधा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

बिकनेलनं व्यापाऱ्याच्या सवयीनं माल पारखला. चित्रात दिसते तशी शिकार खरोखर होते का, हा प्रश्न त्यानं विचारल्याची नोंद मात्र नाही. विचारला असता तर टर्नरची पंचाईत झाली असती, कारण त्यानं आयुष्यात देवमाशाची शिकार पाहिली नव्हती. त्याचा आधार होता थॉमस बील या जहाजावरच्या डॉक्टरनं लिहिलेलं स्पर्म व्हेलवरचं पुस्तक. ‘मोबी-डिक’ लिहिणाऱ्या हर्मन मेल्विलकडे याच पुस्तकाची प्रत होती आणि टर्नरला चित्रं सुचली ती इथून, अशी नोंद त्यानं त्या प्रतीत करून ठेवली आहे.

तेल विकणारा चित्र विकत घेतो आणि कधी समुद्रावर शिकारीला न गेलेला चित्रकार ते रंगवतो. देवमाशाच्या शिकारीच्या चित्रांची चारशे वर्षांची परंपरा पाहिली, तर ही जोडी पुन्हापुन्हा भेटते. अपवाद आहेत, आणि खरा रस त्या अपवादांतच आहे. पण एकूण पाहता ही चित्रं ज्यांचा पैसा गलबतांत गुंतला होता त्यांच्या भिंतींसाठी काढली गेली. म्हणून त्यांत पाठलाग येतो, उधळलेली होडी येते, भाला उगारलेला खलाशी येतो. भाला लागल्यानंतर जे तीन दिवस चालायचं, ते क्वचितच येतं.

सुरुवात डचांपासून करायला हवी, कारण त्यांच्या चित्रांत देवमासा आधी किनाऱ्यावर आला आणि गलबतं त्याच्या मागे नंतर गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडच्या वाळूत एकामागून एक स्पर्म व्हेल येऊन पडले आणि दर वेळी चित्रकार धावले. १६०१च्या डिसेंबरात बेवरवेइकजवळ पडलेल्या देवमाशाचं यान सेनरेडामचं ताम्रमुद्रित चित्र या सगळ्यांत सरस. वाळूवर पर्वतासारखं धूड, भोवती जत्रा, समोर लवाजम्यासह आलेला सरदार एर्न्स्ट कासिमिर. त्यानं नाकाला रुमाल लावला आहे. डावीकडे खुद्द चित्रकार कागद घेऊन उभा आहे. चित्राच्या चौकटीत ग्रहणं आणि भूकंप कोरले आहेत, म्हणजे हा देवमासा अपशकुनांच्या मालिकेतला. स्पेनशी युद्ध चालू असलेल्या त्या छोट्या देशाला किनाऱ्यावर पडलेलं धूड म्हणजे काहीतरी वाईट घडणार, असंच वाटत होतं. पण मला या चित्रात तो रुमाल मोलाचा वाटतो. पुढच्या दोनशे वर्षांच्या शेकडो चित्रांत घाण वासाची एवढी स्पष्ट कबुली सापडत नाही.

याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका चित्राची कथा तर आणखी बोलकी आहे. हेंड्रिक फान आन्थोनिसेननं १६४१च्या सुमारास शेवेनिंगनच्या वाळवंटाचं दृश्य रंगवलं. १८७३मध्ये ते केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाला भेट मिळालं. थंडीचे दिवस, करडं आभाळ, आणि वाळूवर तसंच मागच्या उंचवट्यावर घोळक्यांनी उभी माणसं. ती कशासाठी जमली आहेत, हे काही कळत नव्हतं. समुद्राकडे बघत उभी आहेत, एवढंच. २०१४च्या सुमारास पिवळट पडलेलं जुनं व्हार्निश काढायचं काम एका तरुण संवर्धिकेकडे आलं. सफाई सुरू झाल्यावर क्षितिजाशी हवेत उभा असलेला एक माणूस उगवला. त्याच्या शेजारी शिडासारखा काही आकार. मग शस्त्रक्रियेच्या पात्यानं, भिंगाखाली, कणाकणानं वरचा रंग खरवडल्यावर उलगडा झाला. ते शीड नव्हतं, पर होता. आणि तो माणूस देवमाशाच्या पाठीवर चढून उभा होता. घोळके जमले होते ते याच्यासाठी.

कोणीतरी, बहुधा अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकात, मेलेला देवमासा रंगाखाली गाडून टाकला होता. दिवाणखान्यात मढं नको म्हणून, किंवा दलालाला चित्र लवकर खपवायचं होतं म्हणून. माणसं मात्र त्यानं तशीच ठेवली. बघे आहेत आणि बघायची वस्तू गायब आहे, अशा अवस्थेत ते चित्र दीडशे-दोनशे वर्षं लोकांनी सुंदर म्हणून पाहिलं असणार.

दरम्यान डच गलबतं उत्तर ध्रुवाकडे पोहोचली होती. १६१४ ते १६४२ या काळात नूर्ड्से कंपनीकडे तिकडच्या शिकारीचा मक्ता होता. स्पिट्सबर्गनवर स्मेरेनबर्ग ही चरबी कढवायची वसाहत उभी राहिली. कोर्नेलिस दे मानचं १६३९चं चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्यात हा कारखाना दिसतो: तांब्याच्या प्रचंड कढया, विटांच्या भट्ट्या, चरबीचे तुकडे वाहणारी माणसं, तेल निववायचे लाकडी पन्हळ, पिंपं. स्मेरेनबर्गच्या नावानं प्रसिद्ध असलेलं हे दृश्य प्रत्यक्षात यान मायेन बेटावरचं मानलं जातं, आणि दे मान तिकडे फिरकलाही नव्हता. दुसऱ्या चित्रावरून त्यानं हे उतरवलं. तरीही धंद्याचा कारखाना म्हणून विचार करणारं चित्र म्हणून ते एकटं उठून दिसतं. पुढे अब्राहम स्टोर्कसारख्यांनी बर्फ, ध्वज, अस्वलं आणि होड्यांची देखणी गर्दी रंगवली, डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या बशांवर शिकारीचे टप्पे आले, आणि चरबीची भट्टी जेवणघरातली शोभेची वस्तू झाली.

इंग्लंडमध्ये हल बंदराचे चित्रकार, विशेषतः जॉन वॉर्ड, गलबतांची दोरी न दोरी अचूक काढत. गिऱ्हाईक जहाजमालक, दोरखंड चुकला तर त्याला लगेच कळायचं. लंडनच्या विल्यम हगिन्सचं १८२५चं ‘साउथ सी व्हेल फिशरी’ हे चित्र छापील प्रतींमुळे घरोघरी पोहोचलं. हा हगिन्स तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ जहाजावर नोकरीला होता आणि त्या नोकरीत मुंबई आणि चीनपर्यंत जाऊन आला होता. फ्रान्सचा आंब्रवाझ लुई गार्नरे तर त्याहून अनुभवी. हिंदी महासागरात सुर्कूफ या नामांकित फ्रेंच चाच्याबरोबर तो फिरला, १८००मध्ये बंगालच्या उपसागरात इंग्रजांचं ‘केंट’ जहाज पकडलं गेलं तेव्हा तो हजर होता, पुढे इंग्रजांच्या हाती सापडून पोर्टस्मथच्या तुरुंग-जहाजांत आठ वर्षं खितपत पडला आणि तिथं चित्रं विकून जगला. त्याच्या शिकारीच्या छापचित्रांना मेल्विलनं सगळ्यांत वरचा नंबर दिला. मेल्विल स्वतः १८४१च्या जानेवारीत ‘अकुश्नेट’ गलबतावरून शिकारीला गेलेला, म्हणजे बोलण्याचा अधिकार असलेला माणूस. आपल्या कादंबरीची काही प्रकरणं त्यानं देवमाशाच्या चुकीच्या आणि बऱ्या चित्रांची झाडाझडती घेण्यात खर्च केली आहेत. कादंबरी वाचताना लोक ती सर्रास गाळतात. आपल्या विषयासाठी मात्र तीच सगळ्यांत कामाची.

‘अकुश्नेट’ निघालं ते मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनहून. नदीपलीकडे न्यू बेडफर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जगातली देवमाशांच्या शिकारीची सुमारे ९०० गलबतं होती, त्यांतली सातशेहून जास्त अमेरिकन. १८५७मध्ये एकट्या न्यू बेडफर्डची ३२९ गलबतं आणि त्यांवर दहा हजारांच्या आसपास माणसं. १८५३ हे कमाईचं सर्वोत्तम वर्ष: आठ हजारांहून जास्त देवमासे, १.१ कोटी डॉलरची विक्री. दिवाबत्तीचं तेल, यंत्रांचं वंगण, मेणबत्त्यांसाठी स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं मेण, बायकांच्या कमरेच्या पट्ट्यांसाठी आणि छत्र्यांसाठी जबड्यातल्या लवचीक पात्या. त्याच १८५३ साली विल्यम ॲलन वॉलनं ‘देवमाशांच्या धंद्याचा जन्म’ अशा नावाचं चित्र रंगवलं. शहराच्या संस्थापक घराण्यातला, क्वेकर पंथाचा सावकार, नदीकाठचं छप्पर, कामाला लागलेली चार माणसं. सगळं शांत, सगळं सोज्ज्वळ. आठ हजार देवमासे मारले गेलेल्या वर्षी शहराला आपला जन्म असा आठवावासा वाटत होता.

याला उतारा म्हणून बेंजामिन रसेलकडे वळावं. हा चांगल्या घरचा मुलगा. १८३७च्या आर्थिक पडझडीत त्याचं दिवाळं निघालं, आणि १८४१ ते १८४५ अशी चार वर्षं तो ‘कुतुझॉफ’ गलबतावर समुद्रात होता. परतल्यावर फेअरहेवनच्या केलेब पॉरिंग्टन या रंगाऱ्याला हाताशी धरून त्यानं १८४८मध्ये एक अचाट वस्तू तयार केली: सुती कापडावर रंगवलेली, साडेआठ फूट उंच आणि १,२७५ फूट लांब, म्हणजे जवळजवळ चारशे मीटरची चित्रपट्टी. दोन रुळांवर ती गुंडाळलेली असे. एकावरून सुटून दुसऱ्यावर चढताना समोर बसलेल्यांच्या डोळ्यांपुढून न्यू बेडफर्डचं बंदर, अझोर्स, केप व्हर्दे, रिओ, केप हॉर्न, प्रशांत महासागरातली बेटं अशी सफर सरकत जाई आणि सोबत निवेदन चाले. बोस्टनसह अनेक शहरांत तिचे तिकीट लावून खेळ झाले. शास्त्रशुद्ध चित्रकला म्हणून पाहिलं तर तिच्यात खोट काढायला भरपूर जागा आहे. माणसं खेळण्यांसारखी, लाटा पोताऱ्यानं मारल्यासारख्या. पण यातली होडी कुठल्या बाजूनं देवमाशाला भिडते, कापणीच्या वेळी धूड जहाजाच्या कोणत्या अंगाला बांधलेलं असतं, हे रसेलनं पाहिलेलं आहे आणि ते चुकत नाही. टर्नरच्या धुक्यापुढे मी रसेलची ही जाजमासारखी पट्टी उभी करायला कचरणार नाही. न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्यूझियमनं तिची डागडुजी करून २०१८मध्ये एका जुन्या गिरणीत ती संपूर्ण मांडली. एका सरळ रेषेत मावेल अशी भिंत त्यांच्याकडेही नव्हती.

या पट्टीत आणि काही मोजक्या चित्रांत भट्टी दिसते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकन गलबतं तीन-चार वर्षं परत येत नसत, त्यामुळे चरबी जहाजावरच कढवावी लागे. पुढच्या डेकवर विटांची भट्टी, तिच्यात दोन मोठ्या लोखंडी कढया, खाली डेक पेटू नये म्हणून पाण्याचा उथळ हौद. धूड जहाजाला बांधून, फळीवर उभं राहून लांब दांड्याच्या कुदळींनी चरबीचे पट्टे सोलत. ते कप्पीनं वर ओढायचे, तुकडे करायचे, मग त्या तुकड्यांना पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ चिरा द्यायच्या, म्हणजे तेल लवकर सुटतं. इंधन म्हणून कढून कडक झालेल्या त्याच चरबीची कुरकुरीत सालं. गुऱ्हाळात उसाचाच रस उसाच्याच चिपाडांवर उकळतो, तसं. रात्रंदिवस पाळ्या चालत, डेक तेलानं निसरडा, शिडं काजळीनं काळी, आणि वास एवढा की वाऱ्याच्या दिशेनं गलबत दिसायच्या आधी कळे. टर्नरनं १८४६मध्ये चरबी कढवणाऱ्या गलबतांचंही एक चित्र केलं, ते लंडनच्या टेटमध्ये आहे. बर्फात अडकलेली जहाजं, भट्टीचा तांबूस उजेड, धूर. त्यानं पाहिलं नसेल, पण या कामातलं काहीतरी त्याला उमगलं होतं, हे मान्य करावं लागतं. हे चित्र त्याच्याकडून कोणी विकत घेतलं नाही.

जहाजावरची माणसं स्वतःही चित्रं काढत होती. फावल्या वेळात स्पर्म व्हेलच्या दातावर शिवणाच्या सुईनं किंवा चाकूच्या टोकानं कोरायचं आणि रेषांत काजळी भरायची. ‘स्क्रिमशॉ’ म्हणतात ती ही कला. नॅन्टकेट बेटावरच्या फ्रेडरिक मायरिकनं १८२८-२९मध्ये ‘सूझन’ गलबतावर कोरलेले दात आज लिलावात प्रचंड किमतीला जातात, आणि म्हणूनच बाजारात प्लास्टिकच्या नकलांचा सुळसुळाट आहे. दुसरा प्रकार त्याहून साधा. गलबताच्या रोजनिशीत समासात देवमाशाचा ठसा मारत. लाकडाचा किंवा हाडाचा छोटा शिक्का; देवमासा हाती लागला तर पूर्ण आकृती, तिच्या पोटात कोरी जागा, तिथं किती पिंपं तेल निघालं तो आकडा. निसटला तर नुसती शेपटी. काही रोजनिशांत पानंच्या पानं शेपट्यांची भरलेली आहेत.

मात्र ज्यांच्या हातांवर हा धंदा चालला, त्यांतले बरेच चेहरे चित्रांत सापडत नाहीत. पगार नसे, हिस्सा असे. कप्तानाला पंधरावा, कधी त्याहून मोठा. नवख्या खलाशाला पावणेदोनशेवा. त्यातून कपडे, तंबाखू, उचल वजा. खलाशांत अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांवरचे पोर्तुगीज बोलणारे, प्रशांत बेटांवरचे, मूळ अमेरिकन जमातींतले, गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय. गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस १८३८मध्ये न्यू बेडफर्डच्याच धक्क्यावर मजुरी करत होता. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या लुईस टेंपल या लोहारानं १८४८मध्ये आत शिरल्यावर आडवं फिरणारं भाल्याचं टोक तयार केलं आणि सगळ्या धंद्याची पकड बदलली. पेटंट त्यानं घेतलं नाही, इतरांनी त्याच्यावर कमावलं. त्याचा पुतळा आज शहराच्या वाचनालयाबाहेर आहे, पण तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १८२२मध्ये संपूर्ण कृष्णवर्णीय खलाशी घेऊन ‘इंडस्ट्री’ गलबत नेणारा कप्तान ॲब्सलम बॉस्टन हा अपवाद. त्याचं व्यक्तिचित्र नॅन्टकेटच्या संग्रहात आहे. कानात सोन्याच्या बाळ्या, पांढरी कॉलर, नजर सरळ तुमच्यावर. पैसा हाती आला की चेहरा कॅनव्हासवर यायचा. नियम तोच, माणूस वेगळा.

जपानकडे वळलं की ही सगळी चौकट बदलते. तिथं शिकार किनाऱ्यालगत, गावाची, जाळी टाकून. होकुसाईनं १८३३च्या सुमारास गोतो बेटांजवळची शिकार छापचित्रात काढली, कुनियोशीनं देवमाशाच्या पाठीवर तलवार घेऊन उभा असलेला सामुराई मुसाशी रंगवला. ही झाली लोकप्रिय चित्रं. पण खरी गंमत गुंडाळीचित्रांत आणि सचित्र ग्रंथांत आहे. १८३२चा ‘इसानातोरी एकोतोबा’ हा ग्रंथ इकित्सुकी बेटावरच्या मासुतोमी पेढीच्या शिकारीबद्दल आहे. टेहळणीच्या चौक्या, रंगीत होड्या, जाळी, हत्यारांची मापं हे सगळं त्यात आहेच. शिवाय किनाऱ्यावरच्या शेडमध्ये कापणी, कढवणं, हाडांतून तेल काढणं, प्रत्येक कामाला किती माणसं, याची ओळीनं चित्रं आहेत. जोडीला देवमाशाच्या सत्तरेक भागांपैकी कोणता कसा शिजवावा याची पुरवणी. युरोपची चित्रं जिथं थांबतात तिथून जपानी ग्रंथ पुढे निघतो. याचा अर्थ जपानी शिकारी जास्त हळवे होते असा नाही. पण नागातोजवळच्या कायोईमध्ये पोटातल्या गर्भांसाठी १६९२मध्ये बांधलेली समाधी आहे, आणि तसं काही न्यू बेडफर्डमध्ये नाही. मारलेल्याचं काय होतं ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही, एवढं तरी चित्रं सांगतात.

ऑस्ट्रेलियातल्या टूफोल्ड बेचा ऑस्वल्ड ब्रायर्ली हा आणखी एक स्वतः पाहिलेला माणूस. १८४०च्या दशकात तो तिथल्या शिकारठाण्याचा व्यवस्थापक होता. त्याच्या रोजनिशीत आणि चित्रांत होड्या वल्हवणारे तिथले आदिवासी आहेत आणि देवमाशाला घेरून किनाऱ्याकडे हाकणारे किलर व्हेलही आहेत. माणूस आणि किलर व्हेल यांची ही भागीदारी ऐकायला दंतकथा वाटते, पण तिच्या नोंदी भरपूर आहेत. पुढे ब्रायर्ली व्हिक्टोरिया राणीचा सागरी चित्रकार झाला आणि १८७५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सबरोबर ‘सेरापिस’ जहाजावरून हिंदुस्थानात आला. ८ नोव्हेंबरला जहाज मुंबईला लागलं. शिकारठाण्याचा कारभारी आता राजपुत्राच्या स्वागताची चित्रं काढत होता.

तोवर अमेरिकन धंद्याला उतरती कळा लागली होती. १८५९मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल लागलं. यादवी युद्धात उत्तरेच्या सरकारनं जुनी शिकारी गलबतं दगडांनी भरून चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी बुडवली. १८७१मध्ये अलास्काच्या उत्तरेला बर्फात ३३ गलबतं अडकली. १,२१९ माणसं होड्यांतून निघून वाचली, गलबतं गेली. रसेल तेव्हा साठी ओलांडलेला. त्यानं या प्रसंगाची शिळाछाप मालिका काढली, आणि सोडून दिलेल्या गलबतांच्या त्या रांगा हे माझ्या मते त्याचं सर्वांत प्रामाणिक काम आहे.

धंदा संपत आला तशी चित्रं हळवी होत गेली. क्लिफर्ड ॲशली १९०४मध्ये ‘सनबीम’ गलबतावर सहा आठवडे गेला, ‘हार्पर्स’ मासिकासाठी लिहिलं आणि रंगवलं. त्याचा हात पक्का, माहिती अस्सल; गाठींवरचा त्याचा १९४४चा ३,८००हून जास्त गाठींचा कोश आजही खलाशी वापरतात. पण त्याच्या कॅनव्हासवर सोनेरी ऊन फार आहे. न्यू बेडफर्डचं संग्रहालयही याच मनःस्थितीतलं. १९१६मध्ये तिथं ‘लगोडा’ या गलबताची निम्म्या मापाची, ८९ फुटांची प्रतिकृती इमारतीच्या आत उभारली गेली, आणि पैसा दिला तो मूळ गलबताच्या मालकाच्या मुलीनं. तिच्या वडिलांच्या स्मृतीला वाहिलेली ही वास्तू. त्याच संग्रहालयात आता छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. १९९८मध्ये एका जहाजाच्या धडकेनं मेलेलं ते पिल्लू. हाडांतून अजून तेल पाझरतं आणि ते गोळा करायला खाली बाटली लावलेली आहे. शंभर चित्रं पाहून जे कळत नाही ते त्या बाटलीजवळ उभं राहिल्यावर वासासकट कळतं.

इथपर्यंतच्या परंपरेचा सर्वांत मोठा दोष तिच्या शेवटात आहे. शिडाच्या गलबतांनी मारले त्याच्या कितीतरी पट देवमासे नंतर मारले गेले. नॉर्वेच्या स्वेंड फॉइननं वाफेच्या बोटीवर तोफ बसवून स्फोटक भाला आणला, १९२५पासून मागच्या बाजूनं धूड थेट वर ओढून घेणारी कारखाना-जहाजं आली. साबण, मार्गारिन आणि स्फोटकांसाठी लागणारं ग्लिसरीन यांची मागणी होती. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९३०-३१च्या एका हंगामात अंटार्क्टिकाभोवती निळे देवमासेच २९ हजारांहून जास्त. आणि या सगळ्या काळात नाव घ्यावं असं चित्र जवळजवळ नाही. कॅमेरा आला होता हे खरं, पण तेवढंच कारण नाही. तोफेपुढे वीर उभा राहत नाही, उधळलेली होडी नसते, आणि कंपनीच्या भागधारकाला दिवाणखान्यात लावायला भागपत्र पुरतं. नजर खिळवणारी प्रतिमा आली ती १९७५मध्ये, कॅलिफोर्नियाच्या समुद्रात, सोव्हिएत बोटीची तोफ आणि स्पर्म व्हेल यांच्या मध्ये घुसलेल्या ग्रीनपीसच्या रबरी होडीची. पुन्हा एक छोटी होडी आणि एक प्रचंड जनावर. होडीतल्या माणसांचा पक्ष तेवढा बदलला होता. १९८२मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं व्यापारी शिकार थांबवायचा ठराव केला.

त्यानंतरच्या कलेबद्दल माझं मत संमिश्र आहे. वायलंड या चित्रकारानं १९८१ ते २००८ या काळात शहरांच्या भिंतींवर देवमाशांची शंभर भित्तिचित्रं रंगवली. मुलांना देवमासा दाखवायला ती उत्तम, पण सगळे देवमासे नुकतेच न्हाऊन आल्यासारखे. फ्रँक स्टेलानं ‘मोबी-डिक’च्या प्रकरणांची नावं देऊन धातूच्या लाटा घडवल्या, त्या स्टेलाच्या आहेत, समुद्राच्या फारशा नाहीत. मला पटलं ते जॉन अकोम्फ्राचं २०१५चं तीन पडद्यांवरचं ‘व्हर्टिगो सी’. त्यात देवमाशांची जुनी चित्रफीत, गुलामांची जहाजं आणि आजचे समुद्रात बुडणारे स्थलांतरित शेजारी शेजारी येतात, आणि हे सगळं एकाच व्यापारी समुद्रावर घडलं याची आठवण दिली जाते.

जुन्या तैलचित्रांचा अभ्यासाला आज किती उपयोग? पोशाख, दोरखंड, होडीची बांधणी यांपुरता. उपयोगी ठरले ते रोजनिशीतले शिक्के. १९३५मध्ये चार्ल्स टाउनसेंडनं अमेरिकन गलबतांच्या रोजनिशा चाळून पन्नास हजारांहून जास्त देवमासे कुठं आणि कोणत्या महिन्यात मारले गेले त्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. ठिपक्याठिपक्यांचे ते नकाशे जीवशास्त्रज्ञ अजून वापरतात, आणि त्यांतले काही ठिपके अरबी समुद्रातही आहेत. हिशेबनिसाची नोंद होती, मालकाला वाटा द्यायचा होता, म्हणून ती खरी होती.

अरबी समुद्राच्या पुढच्या नोंदी मात्र खोट्या निघाल्या. १९६५-६६मध्ये सोव्हिएत कारखाना-जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर हंपबॅक जातीचे २४२ देवमासे मारले. या जातीला तेव्हा संरक्षण होतं, म्हणून आयोगाला दिलेल्या आकड्यांत ते दाखवलेच नाहीत. चित्र नाही, कागद नाही. खरे आकडे १९९०च्या दशकात त्याच मोहिमांवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी बाहेर काढले. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे ये-जा करत नाहीत, बारा महिने इथंच राहतात. ओमानच्या समुद्रात त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी हंपबॅक नरांचं गाणं टिपलं, त्यावरचा शोधनिबंध २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. रेवदंड्याच्या वाळूत २०१५मध्ये निळा देवमासा येऊन पडला तेव्हा बघ्यांची जत्रा जमलीच होती, आणि या वेळी प्रत्येकाच्या हातात फोन होता.